त्रिभुवन मास्तरांचा समोरचा दात

त्रिभुवन मास्तर माझ्या दवाखान्यात पहिल्यांदा आले, खुर्चीत बसले, मान मागे टेकवली आणि तोंड उघडायला नकार दिला. दाताच्या डॉक्टरकडे येऊन तोंड मिटून बसणारी लहान मुलं मी रोज बघते. बासष्ट वर्षांचा माणूस पहिल्यांदाच बघत होते. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, इस्त्रीची करडी पँट, मांडीवर काळी चामड्याची पेटी. पेटी बाहेर ठेवा म्हटलं, तर तीही ठेवायला तयार नव्हते.

"डॉक्टर, आधी एक काम करा," ते म्हणाले. त्यांनी शर्टाच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत चांदीच्या रंगाचा, नरसाळ्यासारखा छोटा पेला होता. ट्रम्पेटचा माउथपीस. "हा ओठाला लावून फुंका. मग माझ्या दाताला हात लावा."

बाहेर चार पेशंट बसले होते. मी घड्याळाकडे बघितलं आणि ठरवलं की वाद घालण्यापेक्षा फुंकणं लवकर उरकेल. माउथपीस स्पिरिटने पुसला आणि फुंकला. नुसती हवा गेली. त्यांनी सांगितलं की ओठ मिटा, मिटलेल्या ओठांमधून हवा ढकला. तेव्हा बाटलीत माशी अडकल्यासारखा आवाज निघाला.

"आता सांगा, हा कुठे टेकतोय?"

मी बोटाने दाखवलं. वरचा ओठ, आणि ओठाच्या मागे समोरचे दोन दात.

"तेच सांगायचं होतं," असं म्हणून त्यांनी तोंड उघडलं.

वरचा डावा समोरचा दात हलत होता. हिरडी उतरली होती. दोन समोरच्या दातांमध्ये चांगली रुंद फट होती, ती जन्मापासूनची. मी कार्डावर हलणाऱ्या दाताची नोंद केली, फटीची केली नाही. तो दात किती दिवस टिकेल, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काळजी घेतली तर वर्ष, फार तर दीड वर्ष. त्यांनी बोटांवर महिने मोजले.

"पुढच्या डिसेंबरपर्यंत टिकवून द्या. पुढचं मी मागत नाही."

डिसेंबरमध्ये काय आहे ते मी विचारलं नाही. माझ्या दवाखान्यात असे वायदे नेहमी चालतात, मुलीच्या लग्नापर्यंत नाहीतर पासपोर्टच्या फोटोपर्यंत. मी प्रयत्न करू म्हटलं आणि पुढची तारीख दिली.

मास्तर, म्हणजे बेंजामिन त्रिभुवन, शरणपूरला दोन खोल्यांच्या घरात राहायचे. नाशिकरोडच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये नोकरी करून निवृत्त झाले होते. त्याआधी, विशीत असताना, त्यांनी मुंबईच्या हॉटेलांमधल्या बँडांत नऊ वर्षं ट्रम्पेट वाजवलं होतं. तेव्हा तिथे लोक जॅझवर नाचायला येत. मग ते बँड बंद पडले आणि मास्तर गावी परत आले. नाशिकमध्ये त्यांच्या वाजवण्याला गिऱ्हाईक नव्हतं. लग्नाच्या बँडवाल्यांना ट्रम्पेट हवं असायचं, पण तिथे मास्तर जात नसत. चर्चला नाताळात हवं असायचं. तिथे जात, आणि दरवर्षी कोणीतरी वडीलधारं नंतर येऊन सांगे की, बेंजामिन, छान झालं, पण पुढच्या वेळी जरा सरळ वाजव.

सरळ वाजवणं त्यांना जमत नव्हतं असं नाही. ते त्यांनी मेहनतीने सोडलं होतं. सोडायला चाळीस वर्षं लागली, असं ते सांगत.

माणूस भेटला की ते आधी त्याचा वरचा ओठ बघायचे. जाड असेल तर म्हणायचे, हा ट्रॉम्बोनचा. पातळ असेल तर खूश व्हायचे. सुपारी खाणाऱ्याशी दोन वाक्यांपलीकडे बोलायचे नाहीत. चहा बशीत ओतून कोमट करून पीत. हिवाळ्यात माउथपीस मुठीत धरून चालायचे, गार लावला तर पहिला सूर दगडासारखा पडतो म्हणून. घरी सराव करताना ट्रम्पेटच्या तोंडात पायमोजा कोंबत. त्यांच्या बायको सुशीलाबाई, बालवाडीच्या निवृत्त शिक्षिका, म्हणायच्या की आमच्या घरात एका पायाचे मोजे जास्त लागतात.

ते तीन महिन्यांनी हिरड्या साफ करायला यायचे, आणि मला प्रश्न असायचे. ओठावर दाब किती येतो, वरच्या दातावर जास्त येतो की खालच्या, जीभ नेमकी कुठे लागते. उपचारासाठी हे कळणं गरजेचं होतं. मास्तर कशाचंही सरळ उत्तर देत नसत. करून बघा म्हणत. तिसऱ्या खेपेला ते म्हणाले की खुर्चीत बसून हे व्हायचं नाही, मंगळवारी घरी या. मंगळवारी दुपारी माझा दवाखाना बंद असतो. मी गेले. पस्तिशी उलटलेली, दोन मुलांची आई, सरगमसुद्धा धड न येणारी. माझ्या नवऱ्याने विचारलं, शेजाऱ्यांच्या कानांसाठीही एखादा दवाखाना काढणार आहेस का.

पहिले दोन महिने ट्रम्पेट पेटीतच राहिलं. मास्तर मला अक्षरं म्हणायला लावायचे.

"म्हणा, ट."

मी म्हटलं.

"हातोडी आहे ही. लग्नाच्या वरातीत ट लागतो, समोर फटाके फुटत असतात म्हणून. आता म्हणा, त. हे बोट टेकवणं झालं. आता द. कुणी झोपलंय म्हणून दाराची कडी हळू लावतो तसं. आता ल." मी म्हटलं. "ल म्हणजे जीभ तिथे होती आणि निघून गेली, एवढंच ऐकणाऱ्याला कळायला पाहिजे."

मग दू-ल, दू-ल, दू-ल. आठवडाभर पोळ्या लाटताना, स्कूटर चालवताना, पेशंटला भूल चढायची वाट बघताना मी तेच म्हणत होते. पेशंट घाबरायचे.

नंतर त्यांनी पाटीवर दोन सूर काढले, शेजारी शेजारी, अगदी सारखे. म्हणाले, लिहायचे सारखे, वाजवायचे नाहीत सारखे. पहिला जरा लांब, दुसरा आखूड. आणि जीभ लांबावर मारायची नाही. आखडावर हलकीशी लावायची आणि तिथून पुढच्या लांबात घसरायचं. मी दहा वेळा उलटं केलं. जीभ आपोआप मोठ्या ठोक्यावर जायची. टाळीचंही तसंच. त्यांना टाळी दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर हवी असायची. माझी पहिल्यावर पडायची.

"ही आरतीची टाळी झाली," ते म्हणायचे. "आमच्या चर्चमध्येही हीच आहे. सगळं नाशिक एकवर टाळी वाजवतं. तुमचा एकटीचा दोष नाही."

माझा खरा दोष त्यांनी एकदाच सांगितला. मी सूर अगदी ठोक्याच्या क्षणी सुरू करत होते, एकदाही चुकत नव्हते, आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. मास्तर म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही वेळेवर येता. तेच चुकतंय. ठोका म्हणजे पाहुणा. तुम्ही दार उघडून उंबऱ्यात उभ्या. येऊ दे त्याला, बसू दे, मग उठा."

हे शब्दांनी कळेना म्हणून ते मला गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या भाजीबाजारात घेऊन गेले. मखमलाबादकडून येणारी एक माळीण तिथे मेथी घेऊन बसायची. धिप्पाड बाई, कपाळावर मोठं कुंकू, आणि तिची हाक अशी की "मेथी" हा शब्द ती जवळजवळ गिळून टाकायची आणि "कवळी"वर जरा उशिरा, आरामात उतरायची. मास्तर मला तिच्यापासून पाच पावलांवर उभं करून दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर चुटकी वाजवत राहिले. गिळलेला सूर ऐका, म्हणाले. तो आहे, पण नाही. तोच सगळ्यात अवघड. थोड्या वेळाने बाईंनी विचारलं, "बाबा, मेथी घेता का नुसते ऐकता?" मास्तरांनी दोन जुड्या घेतल्या. पुढच्या वेळी आम्ही गेलो तेव्हा तिने लांबूनच हात केला आणि शेजारणीला सांगितलं, आले बघ माझे ऐकणारे.

डिसेंबरचं कारण मला सुशीलाबाईंकडून कळलं. मास्तर दूध आणायला गेले होते.

मुंबईच्या बँडमध्ये मास्तर दुसऱ्या ट्रम्पेटवर होते. पियानोवर मिस परेरा नावाच्या बाई होत्या, त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठ्या. तालीम त्याच घेत आणि त्यांच्यापुढे कोणाचं काही चालत नसे. पहिला ट्रम्पेटवाला एकदा आजारी पडला आणि मास्तरांना एका गाण्यात एकट्याने वाजवायला मिळालं. वाजवून झाल्यावर मिस परेरा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बेन, तू लाकडात खिळे मारतो." नंतर त्यांना कोणी एकट्याने वाजवायला दिलं नाही. वर्षभरात बँडच बंद पडला.

मिस परेरा आता देवळाली कॅम्पला भाचीकडे राहत होत्या. त्या डिसेंबरमध्ये त्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. जुन्या बँडमधले जिवंत असलेले तिघेजण मुंबई-पुण्याहून येणार होते. बाईंनी स्वतःच्या हाताने गाण्यांची यादी करून मास्तरांना पाठवली होती, आणि एका गाण्यापुढे लिहिलं होतं: ट्रम्पेट, बेन. पण बाईंचा डावा कान गेलेला होता आणि उजवा जात होता. तो किती महिने साथ देईल हे त्यांचे डॉक्टर सांगत नव्हते.

"तिने ऐकावं, एवढंच आहे त्यांचं," सुशीलाबाई म्हणाल्या. "मी चाळीस वर्षं ऐकतेय, ते धरत नाहीत."

दातासाठी मागून घेतलेली मुदत मग मला वेगळी दिसायला लागली. एकीकडे दात, दुसरीकडे कान, आणि दोन्ही घसरणीला लागलेले. मी मास्तरांना मला माहीत असल्याचं सांगितलं नाही. सफाईच्या तारखा मात्र तीन महिन्यांवरून सहा आठवड्यांवर आणल्या.

दात सप्टेंबरमध्ये गेला. वरचा सूर घेताना दाब जास्त पडला. मास्तर तोंडावर रुमाल धरून रिक्षाने आले, सुशीलाबाई बरोबर. दात नुसता हिरडीला लोंबत होता. मी आधी तोंडाचा साचा घेतला, मग दात काढला. त्यात काही कौशल्य लागलं नाही. मास्तरांनी तो तळहातावर घेऊन बघितला आणि म्हणाले, "जसं होतं तसं करा."

मी कामाला लागले. अशा वेळी मी यादी करते. कवळ्या आणि ब्रिज बनवून देणाऱ्या रामनाथसाठी मी चिठ्ठीवर अकरा मुद्दे लिहिले. रंग, लांबी, कडेचं वळण, जाडी, खालच्या दातांशी जुळणी, सगळं. रामनाथ सायखेड्याचा. त्याच्या हाताला तोड नव्हती आणि तो चिठ्ठीत असेल तेवढं तंतोतंत करायचा. जखम भरेपर्यंत थांबलो. नोव्हेंबरच्या मध्यावर तीन दातांचा ब्रिज आला, पोर्सेलीनचा, बाजूचे दोन दात घासून त्यांवर टोपीसारखा बसणारा. मी पाहिलेल्या सर्वांत सुंदर कामांपैकी एक.

तो बसवला तेव्हा सुशीलाबाई म्हणाल्या की लग्नातल्या फोटोपेक्षा बरे दिसताय. मास्तर आरशात बघून हसले. मग त्यांनी पेटी उघडली.

जो आवाज आला तो त्यांचा नव्हता. बारीक, चेपलेला, कोणी गळ्यावर अंगठा ठेवल्यासारखा. त्यांनी ओठ पुसून पुन्हा फुंकलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी सूर अर्धा सोडून दिला आणि ट्रम्पेट मांडीवर ठेवलं.

"डॉक्टर, हवा कुठून जाते?"

मी दिवा जवळ ओढला आणि बघितलं. समोरच्या दोन दातांमध्ये फट नव्हती.

साच्यात ती होती. मी चिठ्ठीवर लिहिली नव्हती, आणि रामनाथने नेहमीच्या सवयीने दात रुंद करून ती बुजवली होती. मी त्याला बोलावून विचारलं. तो म्हणाला, "बाई, फट बुजवून द्या म्हणत्यात सगळे. ठेवा म्हणणारा माणूस मी आजपर्यंत पाह्यला नाय. तुम्ही लिव्हलं असतं तर ठेवली असती. मला काय सपान पडतंय?" त्याचं बरोबर होतं. मी दीड वर्ष त्या फटीकडे बघत होते, तिच्यातून निघणारा आवाज दर मंगळवारी ऐकत होते, आणि अकरा मुद्द्यांत ती आली नाही, कारण माझ्या धंद्यात फट ही दुरुस्त करायची गोष्ट असते.

चोवीस दिवस उरले होते.

मास्तर मला रागावले असते तर बरं झालं असतं. सुशीलाबाईंनी फक्त विचारलं, होईल का. मी म्हटलं, बघते.

पोर्सेलीन घासलं तर आतला धातू उघडा पडतो, म्हणून तो ब्रिज काढून ठेवला. जुन्या साच्यावरून साध्या अॅक्रिलिकचा तात्पुरता ब्रिज करून घेतला, आणि फट थोडी थोडी मी स्वतः घासायची ठरवली. फट किती रुंद आहे यापेक्षा ती वरून खाली कशी उतरते हे महत्त्वाचं होतं, आणि ते साच्यात पुरेसं दिसत नव्हतं. ते फक्त मास्तरांच्या कानाला माहीत होतं.

दवाखाना दुपारी दीड ते चार बंद असतो. त्या वेळात मास्तर यायचे. मी घासायचे, ते चूळ भरायचे, एक सूर वाजवायचे, मान हलवायचे. "अजून केसभर." मी घासायचे. "थांबा. नाही, अजून." खालच्या मजल्यावरचा औषधवाला एकदा वर येऊन विचारून गेला की कोणाला फार दुखतंय का. आठ दिवस हेच चाललं होतं. नवव्या दिवशी सूर आला. आधी खोलीतल्या स्टीलच्या ट्रेमधली हत्यारं थरथरली, मग मला कळलं की हा तोच आवाज आहे. मास्तरांनी डोळे मिटून तो संपेपर्यंत धरला.

मग त्यांनी त्या गाण्यातल्या पहिल्या चार ओळी वाजवल्या आणि आम्ही दोघांनीही ऐकलं. टट, टट, टट.

ब्रिज मागून जाड होता. जीभ नेहमीच्या जागी पोचायच्या आधीच त्याला थडकत होती. प्रत्येक द चा ट होत होता. मास्तरांनी ट्रम्पेट ओठापासून दूर केलं. मग म्हणाले, "हे तर तिने ऐकलेलंच आहे."

उरलेल्या दिवसांत त्रेसष्टाव्या वर्षी तो माणूस पहिल्या धड्यावर गेला. घरात चालताना, रेशनच्या रांगेत, देवळालीच्या बसस्टॉपवर, दू-ल, दू-ल. मी ब्रिज मागून रोज थोडा पातळ करत होते, आणि ते पातळ होत जाणाऱ्या दाताशी जिभेची ओळख करून देत होते. रोज नवा दात, रोज नवी जागा. मला त्यांनी समोर बसवलं होतं. मी फक्त ऐकायचं आणि ट ऐकू आला की कागदावर रेघ मारायची. एका दुपारी रेघांनी कागद भरला तेव्हा त्यांनी तो माझ्या हातातून ओढून चुरगळला आणि म्हणाले, "तुमचं लिहिणं बंद करा. लिहूनच हे झालंय." बरोबर आलेल्या सुशीलाबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की मास्तर पेटी न घेता निघून गेले. दुसऱ्या दिवशी दीडला पाच कमी असताना ते दारात होते. खुर्चीत बसले आणि कोरा कागद माझ्यापुढे ठेवला.

कार्यक्रमाच्या चार दिवस आधी मी त्यांना स्पष्ट सांगितलं. ब्रिज आता इतका पातळ आहे की तडकू शकतो. आणि तो कच्च्या सिमेंटवर बसवलेला आहे, जोरात वाजवलं तर सुटू शकतो. पक्कं सिमेंट लावलं तर सुटणार नाही, पण मग शेवटच्या दिवशी काही बदलायचं म्हटलं तर बदलता येणार नाही. काय करू?

"कच्चंच राहू द्या," ते म्हणाले. "अजून चार दिवस आहेत."

कार्यक्रम देवळालीतल्या एका आरोग्यभवनाच्या हॉलमध्ये होता, संध्याकाळी पाच वाजता. चाळीसेक खुर्च्या, बहुतेक बाईंच्या भाचीच्या ओळखीचे. मिस परेरा अंगाने चिमुकल्या, निळा फ्रॉक, साखळीला चष्मा. त्यांनी आल्या आल्या ड्रमवाल्याला जागा बदलायला लावली आणि पियानो फिरवायला लावला, त्यांचा उजवा कान ट्रम्पेटकडे येईल असा. मास्तरांना त्या म्हणाल्या, "बेन, म्हातारा झालास." मास्तर म्हणाले, "हो बाई." दोघांचं बोलणं एवढंच झालं.

मी तिसऱ्या रांगेत सुशीलाबाईंच्या शेजारी होते. पर्समध्ये सिमेंट, आरसा, कापूस, सगळं आणलं होतं. मास्तरांचं गाणं चौथं होतं. तोपर्यंत ते मागे बसून माउथपीस मुठीत धरून राहिले. सुशीलाबाईंनी माझं मनगट धरलं होतं आणि त्यांना ते माहीत नसावं.

मास्तर उभे राहिले. पहिल्या सुरालाच मला कळलं की जीभ जागेवर आहे. एकही ट नाही. त्यांनी सगळी फेरी, म्हणजे गाण्याचं एक पूर्ण आवर्तन, नीट, सावकाश वाजवली. ठोका यायचा, बसायचा, मग मास्तर उठायचे. गिळलेले सूर गिळलेले ऐकू येत होते. मिस परेरा मान खाली घालून वाजवत होत्या, चेहऱ्यावर काही नव्हतं. शेवटच्या ओळीत एक सूर वर जातो. तो घेताना मास्तरांचा वरचा ओठ एकदम आत गेला. इतर कोणाला कळलं नसेल. ब्रिज सुटला होता. त्यांनी तो ओठाने दाबून धरला, ओळ कशीबशी पूर्ण केली आणि ट्रम्पेट खाली घेतलं. झालं होतं. तिने ऐकलं होतं. मी सुटकेचा श्वास सोडला.

तेव्हा मिस परेरांनी, मान वर न करता, डाव्या हाताने वाजवत राहून उजव्या हाताचं एक बोट वर केलं.

त्या बोटाचा अर्थ मला परतीच्या वाटेवर कळला. बँडमध्ये त्याचा अर्थ एकच असतो: आणखी एक फेरी, तुझीच. मिस परेरांनी ते बोट मास्तरांना आयुष्यात कधी दाखवलं नव्हतं. मला तेव्हा एवढंच दिसलं की मास्तर त्या बोटाकडे बघत उभे आहेत, तोंडात सुटलेला ब्रिज आहे, आणि चार ठोक्यांत त्यांना काहीतरी ठरवायचं आहे. मी पर्स उघडली. सुशीलाबाईंनी माझा हात दाबून ठेवला.

मास्तरांनी खिशातून रुमाल काढला, तोंडाला लावला, आणि ब्रिज त्यात घेऊन खिशात ठेवला. मग समोर मोकळी जागा घेऊन, बाजूचे दोन दात घासून खुंट केलेले असताना, त्यांनी ट्रम्पेट ओठाला लावलं.

वर जाणं शक्यच नव्हतं. ते खाली राहिले. सुरांच्या कडेने हवा निसटत होती, फस्स असा आवाज येत होता. जिभेला टेकायला दात नव्हता, त्यामुळे ट येण्याचा प्रश्नच उरला नाही, त आणि द सुद्धा गेले. फक्त ल, आणि श्वास. त्यांनी फार थोडे सूर वाजवले. दोन सुरांमध्ये इतका वेळ जायचा की मला वाटायचं संपलं. मिस परेरांनी हात हलका केला, ड्रमवाल्याला नजरेने गप्प केलं, आणि उजवा कान पुढे करून पियानोवर वाकल्या. फेरी संपली तेव्हा टाळ्या कुठे वाजवायच्या हे लोकांना समजलं नाही.

नंतर चहाच्या वेळी त्या काठी टेकत मास्तरांपाशी आल्या. कौतुक वगैरे काही केलं नाही. टेम्पो खाली आला, लय पडली, म्हणाल्या. मग विचारलं, "दुसऱ्या फेरीला तोंडात काय केलंस?"

मास्तरांनी रुमाल उघडून ब्रिज दाखवला. बाईंनी चष्मा लावून तो बघितला.

"हे परत लावू नको," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तू डॉक्टर? तू पण लावू देऊ नको."

डॉक्टर म्हणून मला ते मान्य करता येत नव्हतं. शेवटी बाजूच्या दोन खुंटांवर टोप्या बसवून काढता-घालता येणारी एका दाताची प्लेट करून दिली. मास्तर ती जेवताना लावायचे आणि वाजवताना काढून डबीत ठेवायचे. माझे मंगळवार आणखी वर्षभर चालले, मग मुलाची दहावी आली आणि सुटले. मला दोन गाणी वाजवता येतात, वेळेवर.

मास्तरांना मी शेवटचं पाहिलं ते चारेक वर्षांनी. देवळालीच्या एका शाळेत दातांचं शिबिर होतं आणि मी जरा लवकर पोचले होते. मिस परेरांच्या भाचीचं घर त्याच रस्त्यावर. बाईंना आता काहीच ऐकू येत नाही, आणि मास्तर दर गुरुवारी बसने जातात, असं सुशीलाबाईंनी मला फोनवर सांगितलं होतं. तिथे जाऊन काय करतात, ते त्यांनाही नीट माहीत नव्हतं.

व्हरांड्याची खिडकी उघडी होती. मास्तर स्टुलावर बसले होते, खूप वाळलेले. मिस परेरा त्यांच्या समोर आरामखुर्चीत होत्या. ट्रम्पेटचं रुंद तोंड त्यांनी दोन्ही हातांच्या तळव्यांत धरलं होतं, गरम कप धरतात तसं, आणि डोळे मिटले होते. मास्तरांनी दोन सूर वाजवले. बाईंनी मान हलवली, नाही. मास्तरांनी तेच दोन सूर पुन्हा वाजवले. मला ते निर्दोष वाटले. बाईंनी एका बोटाने पितळेवर टकटक केली, जणू दाखवत होत्या की हे इथे, मला लागलं. मास्तरांनी मान डोलावली, ओठ पुसले, आणि पुन्हा सुरुवात केली.

शाळेत मुलं रांगेत उभी राहिली असणार. मी दहा मिनिटं थांबले आणि बेल न वाजवता निघाले. फाटकाशी पोचले तोवर ते दुसऱ्या सुरापर्यंत गेले होते, आणि तिथे थांबून पुन्हा पहिल्यावर आले.